गाडी विजेची, हप्ता उसाचा

नगर-पुणे रस्त्याला गाड्यांच्या बाबतीत पहिलेपणाचा मान जुनाच आहे. १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली गाडी याच रस्त्यावर धावली. त्यानंतर ७४ वर्षांनी, १ जून २०२२ रोजी, एसटीची विजेवर चालणारी पहिली 'शिवाई' बसही याच रस्त्यावर सोडण्यात आली. तेव्हा विजेची गाडी ही मुंबई-पुण्याच्या श्रीमंतांची हौस आहे, आपल्याकडे तिचे काय काम, असे म्हणण्याचे दिवस आता राहिले नाहीत. ती आपल्या स्टँडवर येऊन गेली आहे आणि आता वाड्या-वस्त्यांवर यायला निघाली आहे.

परवा एक बागायतदार भेटले. ऊस गेला होता, बिल जमा झाले होते. म्हणाले, "पोरगं पाठीमागं लागलंय. म्हणतं, अण्णा, आता डिझेलची गाडी घ्यायची नाही, विजेची मोठी गाडी घ्यायची. डिझेलच्या पैशात हप्ता फिटतो म्हणे. तुमचं काय म्हणणं?" हा प्रश्न आज एकट्या अण्णांचा नाही. ज्याच्या घरी चार एकर ऊस आहे, कुणाची जमीन रस्त्यात गेली आहे, कुणाला कांद्याने एखाद्या वर्षी हात दिला आहे, अशा प्रत्येक घरात हा विषय जेवणाच्या ताटावर निघतो आहे. म्हणून त्याचा हिशेब जाहीरपणे मांडलेला बरा.

आधी माल काय आहे ते पाहू. बैल घेताना आपण दात पाहतो, चाल पाहतो. मग वीस लाखांची गाडी नुसत्या चकाकीवर कशी घ्यायची? महिंद्र कंपनीने २६ नोव्हेंबर २०२४ रोजी विजेवरच्या दोन मोठ्या गाड्या दाखवल्या. त्यातल्या एक्सईव्ही ९ई या गाडीची किंमत २१ लाख ९० हजारांपासून पुढे जाहीर झाली. ती तयार होते आपल्या शेजारी, चाकणला. टाटांनी ३ जून २०२५ रोजी हॅरियर ईव्ही आणली, ती २१ लाख ४९ हजारांपासून पुढे. त्याच वर्षी जानेवारीत ह्युंदाईची विजेवरची क्रेटा आली, ती १७ लाख ९९ हजारांपासून. नोव्हेंबरअखेर महिंद्रचीच सात जण बसतील अशी एक्सईव्ही ९एस आली, १९ लाख ९५ हजारांपासून. या सगळ्या शोरूममधल्या सुरुवातीच्या किमती. विमा, घरी बसवायचा चार्जर आणि वरचे मॉडेल घेतले की आकडा आपोआप वर सरकतो.

आता पल्ला. एक्सईव्ही ९ईच्या मोठ्या बॅटरीवर ६५६ किलोमीटर, हॅरियर ईव्हीवर ६२७ किलोमीटर, असे आकडे जाहिरातीत आहेत. ते खोटे नाहीत, पण ते चाचणीतले आहेत. खुद्द टाटा कंपनीच प्रत्यक्ष रस्त्यावर ४८० ते ५०५ किलोमीटर धरा म्हणते, आणि महिंद्र पाचशेच्या पुढे सांगते. आपल्याकडे घरची पाच माणसे, वर एसी, मध्ये चंदनापुरीचा नाहीतर माळशेजचा घाट, आणि मोकळा रस्ता दिसला की शंभराच्या पुढे जाणारा काटा. हे धरले तर एका युनिटला सहा किलोमीटर हा हिशेब शेतकऱ्याने डोक्यात ठेवावा. म्हणजे ७९ युनिटांची बॅटरी पूर्ण भरली, तर पावणेपाचशे किलोमीटरपर्यंत. नगरहून पुण्याला जाऊन येण्याचे अंतर २४० किलोमीटर. तेवढे काम घरून भरून निघालेली गाडी वाटेत कुठेही न थांबता आरामात करील. तेव्हा 'गाडी रस्त्यात बंद पडली तर' ही भीती रोजच्या कामापुरती बाजूला ठेवायला हरकत नाही.

खरा प्रश्न पल्ल्याचा नाही, पैशाचा आहे. डिझेलच्या पैशात हप्ता फिटतो काय? मोठी डिझेल गाडी लिटरला १४ किलोमीटर देते असे धरू आणि डिझेल ९० रुपये धरू. किलोमीटरला ६ रुपये ४० पैसे झाले. विजेची गाडी घरच्या मीटरवर भरली, युनिट १२ रुपये धरले आणि चार्ज होताना वाया जाणारी वीजही मोजली, तर किलोमीटरला सव्वादोन रुपये पडतात. म्हणजे किलोमीटरमागे चार रुपये वाचले. महिन्याला हजार किलोमीटर फिरणाऱ्याचे चार हजार वाचले, अडीच हजार किलोमीटर फिरणाऱ्याचे दहा हजार. मात्र हीच गाडी हायवेवरच्या झटपट चार्जरवर भरली तर तिथे युनिटला वीस-पंचवीस रुपये मोजावे लागतात, आणि मग ही बचत निम्म्यावर येते.

आता हप्ता पाहा. १८ लाखांचे कर्ज, नऊ टक्के व्याज, सात वर्षांची मुदत. हप्ता बसतो महिन्याला जवळजवळ २९ हजार. वर्षाचे तीन लाख ४८ हजार, आणि सात वर्षांत मिळून भरायचे २४ लाखांच्या वर. बचत चार हजारांची नाहीतर फार तर दहा हजारांची, आणि हप्ता २९ हजारांचा! डिझेलच्या पैशात हप्ता फिटतो म्हणणाऱ्याने हा हिशेब कागदावर करून दाखवावा.

हेच उसाच्या भाषेत सांगतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने एफआरपी ठरवली ती सव्वादहा टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये. त्यातून तोडणी-वाहतूक वजा जाते. हातात तीन हजार पडले असे धरले, तरी वर्षाचे हप्ते भरायला ११६ टन ऊस लागतो. एकरी चाळीस टन पिकवणाऱ्याचे हे तीन एकर झाले, तेही बेणे, खत, पाणी, मजुरी काहीही न मोजता. ज्याचे रानच चार एकर आहे त्याने घर चालवायचे कशावर? शिवाय ऊस वर्षातून एकदा जातो, कारखान्याचे बिल कधी वेळेवर येते, कधी येत नाही. बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला दारात उभा. नोकरदाराचा पगार महिन्याला होतो, म्हणून त्याला महिन्याचा हप्ता जमतो. शेतकऱ्याने नोकरदाराचा हप्ता अंगावर घेतला की पहिल्या दोन वर्षांतच पीककर्जाची रक्कम तिकडे वळते, सोसायटी थकते आणि बिनव्याजी मिळणारे कर्जही हातचे जाते. ऋण काढून सण करू नये हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत आहे. गाडी दारात आली की ते विसरायला होते, एवढेच.

याचा अर्थ विजेची गाडी वाईट, असा कुणी काढू नये. आम्ही उलटे सांगतो. ज्याला वीस लाखांची गाडी घ्यायचीच आहे, ज्याच्याजवळ निम्म्याहून जास्त पैसा रोख आहे आणि उरलेला शेतीच्या बाहेरच्या उत्पन्नातून फिटणार आहे, त्याने आज डिझेल घेण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. विजेच्या गाडीवर जीएसटी पाच टक्के आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या डिझेल गाड्यांवरचा कर उतरला, तरी तो ४० टक्के आहे. आपल्या राज्यात दहा ते वीस लाखांच्या डिझेल गाडीला वाहन कर चौदा टक्के पडतो; म्हणजे वीस लाखांच्या गाडीला दोन लाख ८० हजार. विजेच्या गाडीला राज्याच्या २०२५ च्या धोरणाने हा कर माफ केला आहे. समृद्धी महामार्ग, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतू यांवरचा टोलही ऑगस्ट २०२५ पासून विजेच्या गाड्यांना माफ झाला. कोपरगाव-शिर्डीकडून मुंबईला किंवा नागपूरला वरचेवर जाणाऱ्या माणसाला ही सवलत लहान नाही. तेव्हा प्रश्न 'डिझेल की वीज' असा असेल, तर तराजू विजेकडे झुकतो. प्रश्न 'गाडी की शेत' असा असेल, तर त्याचे उत्तर कोणत्याही शोरूममध्ये मिळणार नाही.

आता दुसरी बाजू, आणि ती पुण्याच्या शोरूमवाल्याला ठाऊक नसते. गाडी विजेची आहे, पण वीज कुठे आहे?

आपल्याकडे निम्मे लोक गावात राहतात आणि निम्मे शेतात, वस्तीवर. गावठाणच्या फीडरवर ज्याचे घर आहे त्याचे बरे. साध्या पंधरा अँपिअरच्या प्लगवर गाडी तासाला तीन युनिट घेते. रात्री नऊला लावली आणि सकाळी सातला काढली की तीस युनिट, म्हणजे १८० किलोमीटरची सोय झाली. 'पूर्ण भरायला चोवीस तास लागतात' असे ऐकून लोक दचकतात, पण रोज पूर्ण भरायची असते कुणाला? डिझेलची टाकी तरी आपण रोज फुल्ल करतो काय? पण वस्तीवरचे घर शेतीच्या फीडरवर असेल, तिथे वीज कधी दिवसा आठ तास, कधी रात्री, आणि व्होल्टेज असे की बल्ब निखाऱ्यासारखा दिसतो. अशा ठिकाणी गाडीचा चार्जर कमी वीज ओढतो, नाहीतर सरळ बंद पडतो. वस्तीवाल्याने गाडी पाहायला जाण्यापूर्वी आठ दिवस घरच्या प्लगवर किती तास वीज असते आणि व्होल्टेज किती येते, ते वहीत लिहून काढावे. ही वही शोरूमच्या पुस्तकापेक्षा जास्त खरे बोलेल.

घरच्या मीटरवर गाडी लावली की बिलाची गंमतही समजून घ्या. हजार किलोमीटरला १८० ते १९० युनिट लागतात. ज्या घरात महिन्याला ऐंशी युनिट जळत होते, तिथे एकदम पावणेतीनशे होतात. आपल्याकडे शंभर युनिटांच्या पुढे दर चढतो आणि तीनशेच्या पुढे आणखी चढतो. तेव्हा ज्यांचे घरगुती युनिट आधीच जास्त आहेत, त्यांनी गाडीसाठी वेगळे कनेक्शन मागावे. २०२४ साली ग्राहक हक्कांचे नियम बदलले, त्यात विजेच्या गाडीसाठी स्वतंत्र जोडणी मागण्याचा अधिकार ग्राहकाला मिळाला आहे, आणि खेड्यात नवीन जोडणी पंधरा दिवसांत द्यावी असे त्यात म्हटले आहे. अर्जाची पोच घ्या, म्हणजे साहेबांना आठवण करून देता येते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलली पाहिजे, कारण ती कुणी बोलत नाही. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना राज्य सरकारने एप्रिल २०२४ पासून पाच वर्षे मोफत वीज दिली आहे. विहिरीवरच्या पेटीतून वायर ओढली की गाडी फुकटात भरते, असा विचार काही डोक्यांत येणार, किंबहुना आलाच आहे. हे करू नका. पंपाची वीज पंपासाठीच आहे. तिचा दुसरा वापर सापडला तर विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते. दंडाचे सोडा, उद्या शहरातली मंडळी बोट दाखवतील की, 'बघा, शेतकऱ्याला फुकट वीज दिली, तो त्यावर वीस लाखांची गाडी पळवतो.' एका-दोघांच्या हुशारीपायी ही सवलत सगळ्यांच्या हातून जाईल, आणि मरेल तो अडीच एकरवाला, ज्याच्या दारात सायकलसुद्धा नाही.

दुसरे, डीपीचे. भिंतीवरचा मोठा चार्जर सात किलोवॉटचा असतो. पाच अश्वशक्तीचे दोन पंप एकदम चालवल्याइतका तो भार. गावात असे तीन-चार चार्जर रात्री आठला सुरू झाले, आणि डीपी ६३ केव्हीएचा असला, की आधीच लोंबकळणारी लाइन काय करील हे वायरमनला विचारा. डीपी जळाला की पीठगिरणी बंद, पाण्याची मोटर बंद, पोरांचा अभ्यास बंद. म्हणून मोठा चार्जर बसवणाऱ्याने आधी मंजूर भार वाढवून घ्यावा. मीटरपासून चांगली जाड तांब्याची वायर, वेगळा एमसीबी आणि नीट केलेले अर्थिंग, यात हयगय नको. गोठ्यातून लांबवलेल्या एक्स्टेंशनवर गाडी लावणारा माणूस दारातली म्हैस आणि घरातली माणसे दोन्ही धोक्यात घालतो.

इथे ग्रामपंचायतीचे काम सुरू होते. सरपंच आणि ग्रामसेवक भाऊसाहेब (आता हुद्दा ग्रामपंचायत अधिकारी झाला आहे) यांनी 'हा श्रीमंतांचा विषय' म्हणून हात झटकू नयेत. आज गावात एक गाडी असेल. पण विजेच्या दुचाक्या मोजा, मालवाहू तीनचाक्या मोजा. ग्रामसभेत एक साधा ठराव करता येतो: गावठाणच्या डीपीवर आज भार किती, पुढच्या दोन वर्षांत किती वाढेल आणि डीपी वाढवून हवा का, याची पाहणी महावितरणने करावी. चावडीजवळ किंवा बाजारतळावर पैसे भरून वापरायचा एक चार्जर बसवायला जागा देता येईल काय, हेही त्याच सभेत ठरावे. राज्याच्या धोरणात राष्ट्रीय महामार्गांवर दर पंचवीस किलोमीटरला चार्जिंगची सोय करायचे म्हटले आहे. महामार्गावरून आत पंधरा किलोमीटर असलेल्या गावाचे काय, हे विचारणारा ठराव गावाकडूनच जायला हवा. मागणी कागदावर गेली नाही, तर ती वरच्या साहेबांसाठी नसतेच.

ज्यांना छप्पर आहे त्यांनी सूर्याकडेही पाहावे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या संचाला ७८ हजारांचे अनुदान आहे. तीन किलोवॉटचा संच दिवसाला बारा युनिटांच्या आसपास वीज देतो. म्हणजे सत्तर किलोमीटर रोजचे. वीस लाखांची गाडी घेणाऱ्याने तिच्याबरोबर छपरावर पत्रे बसवले नाहीत, तर बैल घेतला आणि कडबा विकत आणला अशी गत. आणि गाडी घेणे जमत नसेल, तरी छपरावरचा संच आधी बसवायला कुणाची ना आहे? गाडी मागाहून येईल. तोवर घरचे बिल तरी खाली येईल.

शोरूममध्ये गेल्यावर चार गोष्टी तोंडी नव्हे, कागदावर विचाराव्यात. बॅटरीची हमी 'आयुष्यभराची' म्हणतात. ते आयुष्य म्हणजे किती वर्षे आणि गाडी विकली तर पुढच्या मालकाला काय मिळते? कारण ही मोठी हमी पहिल्या मालकापुरतीच असते, आणि शेतकऱ्याची गाडी अडीअडचणीला विकली जाते. बिघाड झाला तर जिल्ह्यात दुरुस्त होईल की पुण्याला टेम्पोत घालून न्यावी लागेल? जादा चाक, म्हणजे स्टेपनी, आहे का? कारण पंक्चरच्या डबीवर वस्तीचा मुरमाड रस्ता निभत नाही. आणि या गाडीतून बाहेर वीज काढता येते का? हॅरियर ईव्हीसारख्या काही गाड्यांत ती सोय आहे. त्यावर दिवे, पंखा, मिक्सर चालतो. मात्र विहिरीवरचा थ्री फेज पंप त्यावर चालेल असे कुणी सांगितले तर तिथून उठून यावे.

राहता राहिले अण्णा. आम्ही त्यांना दोनच प्रश्न विचारले. गाडी महिन्याला किती फिरणार? म्हणाले, "बाजार, कारखाना, लग्नसराई. सातशे-आठशे किलोमीटर." आणि रोख किती भरणार? म्हणाले, "पाच लाख. बाकी कर्ज." मग आम्ही वरचा सगळा हिशेब त्यांच्या पोराला बसवून त्याच्याच हाताने करायला लावला. पोरगे हुशार, डिप्लोमा झालेले. शेवटची बेरीज झाल्यावर पेन खाली ठेवून म्हणाले, "अण्णा, दोन वर्षं थांबू. आधी छपरावर सोलर करू, ठिबकचं राहिलेलं करू." पोराची हौस काही चुकीची नव्हती. आकडा कुणी समोर ठेवला नव्हता, इतकेच.

विजेच्या गाड्या येणार आहेत आणि त्या आल्याच पाहिजेत. धूर कमी होईल, डिझेलवर जाणारा पैसा घरात राहील. पण शेतकऱ्याच्या दारात त्या कर्जाच्या दोरीने ओढून येऊ नयेत. ज्याची वीज पक्की, ज्याचे फिरणे जास्त, ज्याचे पैसे शेताबाहेरचे, त्याने खुशाल घ्यावी आणि गावाला एकदा चक्कर मारून दाखवावी. बाकीच्यांनी अंथरूण पाहून पाय पसरावेत. गाडी पुढच्या वर्षीही मिळेल, कदाचित जास्त चांगली मिळेल. बँकेकडे गेलेले शेत तसे परत मिळत नाही.